पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच. एसएमपीएस (वीज पुरवणारा पॉवर सप्लाय) की मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड)?

मंडळी, घरचा डेस्कटॉप सुरू होत नाहीये, जरा मदत हवी आहे. बटण दाबलं की पंखे फिरतात, कीबोर्डचे दिवे क्षणभर लागतात आणि पाच-सहा सेकंदांत सगळं बंद. मग आपोआप पुन्हा चालू, पुन्हा बंद. स्क्रीनवर काहीच नाही, बिघाड सांगणारी बीपही नाही. (मदरबोर्डला बीपचा छोटा स्पीकर जोडलाय, त्यामुळे बीप न येणंच मला जास्त खटकतंय.)

रॅम काढून, खोडरबराने पिनांवरून हलकं घासून, एकेक काडी वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावून पाहिली. फरक शून्य. मॉनिटर आणि केबल लॅपटॉपवर व्यवस्थित चालतात. ग्राफिक्स कार्ड नाही, हार्डडिस्कही काढून ठेवली आहे. बायोसची (मदरबोर्डवरची सेटिंग जपणारी) बॅटरी मीटरवर २.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणून नवी सीआर२०३२ घातली. त्यानेही काही हललं नाही.

एसएमपीएस मदरबोर्डपासून सोडवून हिरवी आणि काळी वायर जोडली, तर तो चालू होतो आणि पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट नीट मिळतात. पण लोड (वीज ओढणारं काही) नसताना मिळालेल्या या आकड्यावर कितपत विसंबायचं? लोड आल्यावर व्होल्टेज कोसळत असेल तर असंच होईल ना? प्रोसेसरजवळची चार पिनांची १२ व्होल्टची केबल घट्ट बसली आहे, कपॅसिटर फुगलेले दिसत नाहीत.

दुसरा एसएमपीएस हाताशी नाही. तो विकत घेण्याआधी मदरबोर्डच गेलाय का, हे घरच्या घरी कसं ओळखता येईल? विंडोज पुन्हा टाकायचा सल्ला कृपया नको, गाडी तिथवर पोचतच नाहीये.