छताचं प्लास्टर कोसळलं, सळ्या उघड्या पडल्यात, आधी काय करू?

जुई_डोंबिवली
इमारत १९७९ची, आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. काल दुपारी आईच्या खोलीत पंख्याजवळचा परातीएवढा ढलपा थेट पलंगावर पडला. आई स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली. गंजलेल्या सळ्या दिसतायत, भोवती भेगा आहेत. गवंडी म्हणतो, "प्लास्टर मारून देतो, खाली पीओपी करा, काही दिसणार नाही." मला हे पटत नाही. आई मात्र खोली सोडायला तयार नाही. आधी काय करू? खर्च आमचा की सोसायटीचा?

तळमजला
पीओपी अजिबात नको, पुढची ओल आणि भेगा त्यामागे लपतात. सळ्या दिसतायत म्हणजे नुसतं प्लास्टरच नाही, सळीखालचं काँक्रीटही सुटलंय. ओलीने सळी गंजते, गंज फुगतो आणि खालचा थर ढकलून पाडतो. गंज तसाच ठेवून वर सिमेंट थापलं तर तेही पडणार.

आजच पलंग बाहेर काढा, पंखा बंद करा, खोलीला कडी घाला. मग स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज येईल तेवढं सगळं पाडावं लागतं, चिकटलेलं दिसलं तरी. पण टेकू लावल्याशिवाय कुणाला छिन्नी लावू देऊ नका. साइटवर काम करतो म्हणून कळकळीने सांगतोय. पुढे सळीच्या मागपर्यंत खोदायचं, तारेच्या ब्रशने गंज काढायचा, गंजरोधक लेप द्यायचा, मग पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल, भरायचा. सळी फार झिजली असेल तर जोडसळी, ते इंजिनिअर ठरवतील.

वरची_गच्ची
गच्ची गळत असेल तर आधी ती. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्याचं छत खराब झालं, तर आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांची नमुना नियमावली) दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. फोटो जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्याच. इमारत तीस वर्षांपुढची आहे, स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, शेवटचा अहवालही मागा.

जुई_डोंबिवली
इंजिनिअर येऊन गेले. अर्ध्या छताचा आवाज बद्द आहे, टेकू लागले. अर्जाची पोच मिळाली. पडलेला ढलपा आईच्या हातात दिला, वजन कळल्यावर ती हॉलमध्ये झोपायला आली. पाऊस तोंडावर आलाय, तोवर गच्चीवर ताडपत्री घालू का?

तळमजला
घाला, पण पाणी जायच्या जाळ्या मोकळ्या ठेवा. आणि वर विटा रचू नका, त्या स्लॅबवर आता जादा वजन नको.