‘युरोपच्या केबल तुटल्या तर सोलापूरला काय?’ या पोस्टला उत्तर (नावांऐवजी लिहिणाऱ्यांचे भाग दिले आहेत)

बाळीवेस

काल फिरणारी एक पोस्ट वाचली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही. पोस्ट अशी: ‘बाल्टिक समुद्रात केबल तुटल्या, पोलंडवर ड्रोन आले, की युरोपवाले हायब्रिड वॉर म्हणून रडायला लागतात. रशिया आपला जुना दोस्त. त्यांचं ते बघतील. सोलापूरला काय फरक पडतो?’ खाली आपल्याच ओळखीच्या लोकांचे अंगठे.

फरक पडतो. २७ जून २०१७ आठवा. युक्रेनमधल्या कंपन्या हिशेबासाठी मेडॉक नावाचं सॉफ्टवेअर वापरत. त्याच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा व्हायरस सोडला गेला. नेम युक्रेनवर होता, पण तो जगभर पसरला. मर्स्क या बड्या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनल ठप्प झालं. आपला टॉवेल परदेशात जातो तो कुठून? २०२० साली अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर या हल्ल्यासह इतर हल्ल्यांसाठी नावानिशी आरोप ठेवले.

हायब्रिड वॉरमधले हे छुपे हल्ले मुद्दाम असे बेतलेले असतात की त्यांना युद्ध म्हणता येत नाही आणि अपघात म्हणून सोडूनही देता येत नाही. म्हणून पुरावा हाती आला की नाव घेऊन सांगायचं, मोडलेलं भराभर उभं करायचं आणि करणाऱ्याला ते महागात पडेल असं बघायचं. एस्टोनियाने २००७ मध्ये सोव्हिएत सैनिकाचा पुतळा टॅलिनच्या मध्यातून हलवला, तेव्हा बँका, वर्तमानपत्रं, सरकारी साइट सगळ्यांवर सायबर हल्ले झाले. पुढच्याच वर्षी टॅलिनमध्ये नाटोचं सायबर केंद्र सुरू झालं. तिथले संगणकवाले नोकरी सांभाळून देशाच्या सायबर दलात स्वयंसेवक म्हणून काम करतात. याला कुणी रडणं म्हणू नये.

होटगी रोड

पोस्ट मीच पुढे पाठवली होती, त्यामुळे उत्तरही मीच देतो. १९७१ च्या ऑगस्टमध्ये आपल्याशी मैत्रीचा करार कुणी केला? डिसेंबरमध्ये सुरक्षा परिषदेत नकाराधिकार कुणी वापरला? अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात आलं होतं, तेव्हा हे लोकशाहीवाले कुठल्या बाजूला होते? माझे वडील तेव्हा फौजेत होते. घरात हे ऐकत मी मोठा झालोय, मला शिकवू नका.

आणि नाव घेऊन सांगायचं म्हणता? सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाचा गॅस जर्मनीला नेणारे नॉर्ड स्ट्रीमचे पाइप फुटले, तेव्हा कित्येकांनी त्याच दिवशी रशियाकडे बोट दाखवलं. नंतर जर्मनीच्या तपासात अटक वॉरंट निघालं ते युक्रेनच्या माणसावर. आता बोला.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड

बोलतो की. जून २०१७ चा तो आठवडा मी कारखान्यातच काढलाय. १ जुलैला जीएसटी लागणार, म्हणून जो तो माल काढायच्या मागे. आमचा एक कंटेनर नेमका तेव्हा बंदराच्या रांगेत अडकला. ड्रायव्हर सांगोल्याकडचा पोरगा. दिवसातून चार वेळा फोन, ‘मालक, गेट उघडंना.’ रात्री ट्रेलरखाली चादर अंथरून झोपायचा, वर पाऊस. आत खोकी, खोक्यांवर आमच्या बायकांनी चिकटवलेली लेबलं, आणि मला काळजी ओल लागायची. टॉवेलला एकदा कुबट वास लागला की तो माल कुणी घेत नाही. जहाज चुकलं. पार्टीने बिलातून पैसे कापले. मॉस्कोत कोण बसलंय ते मला माहीत नव्हतं, आणि त्यालाही मी माहीत नव्हतो. मार मात्र मला बसला.

एक गोष्ट नंतर कळली. मर्स्कच्या सगळ्या नेटवर्कचा नकाशा म्हणावा अशी माहिती जिथे जिथे ठेवली होती, तिथली पुसली गेली. फक्त आफ्रिकेत घानामधल्या एका ऑफिसात वाचली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाईट गेली होती. त्या एका प्रतीवरून त्यांनी दहा दिवसांत ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने बसवले. तेव्हापासून मी हिशेबाची प्रत वायर काढलेल्या डिस्कवर वेगळी ठेवतो. माझ्या मते निम्मा उपाय हाच आहे.

होटगी रोड

तुमचं नुकसान झालं हे मान्य. पण पुरावा म्हटला की आपल्याकडचंही बघा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची लाईट गेली. राज्याचे गृहमंत्री म्हणाले सायबर घातपात, केंद्राचे ऊर्जामंत्री म्हणाले माणसाची चूक. कुणाचं धरायचं? ज्याला सोयीचं तो ते धरतो.

बाळीवेस

म्हणूनच पुरावा उघड करा म्हणतोय ना मी! फिनलंडने काय केलं? २०२४ च्या नाताळात एस्टलिंक-२ ही वीजकेबल तुटली. त्यांनी हेलिकॉप्टरमधून माणसं ‘ईगल एस’ जहाजावर उतरवली, जहाज ताब्यात घेतलं, समुद्रतळावर नांगर फरपटल्याची खूण दाखवली आणि खटला भरला. कोर्टाने २०२५ मध्ये हा खटला आमच्या अधिकारक्षेत्रात येत नाही म्हटलं. आरोपी अधिकाऱ्यांत एक भारतीय होता, हेही लक्षात घ्या. अशा जहाजांवर नोकरीला आपली पोरं जातात.

विजापूर वेस

कोर्टाचंच म्हणाल तर रुमानियाचं काय? डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरीच रद्द केली. टिकटॉकवर कुणीतरी पैसे ओतले म्हणून लाखो लोकांची मतं कचऱ्यात? ‘खोटी माहिती’ म्हणत सरकारला तोंड बंद करायचा अधिकार दिला की तो परत मिळत नाही, आणि हे सोलापूरकराला सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं. १९३० ला याच गावात मार्शल लॉ होता. १२ जानेवारी १९३१ ला चार जणांना फाशी झाली. त्यातले कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवत होते. हुतात्मा चौकातून रोज जाता, आणि सेन्सॉर मागता?

बाळीवेस

सेन्सॉर हा शब्द मी वापरलाय का? दाखवा.

मंगळवेढा

थांबा जरा. सेन्सॉर नको हे मलाही पटतं. पण अफवेने काय होतं ते आमच्या तालुक्याला विचारा. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. आमच्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं पोटासाठी तिकडं फिरत होती. ‘मुलं पळवणारी टोळी’ म्हणून पाच जणांना ठेचून मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. गाड्या मृतदेह घेऊन आल्या तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो. एक म्हातारी गाडीच्या मागच्या दाराची कडी धरून बसली होती. कडी सोडवायला दोन माणसं लागली.

त्या वर्षी देशभर जे व्हिडिओ फिरले, त्यातला एक मुळात कराचीतली मुलांच्या सुरक्षेची जाहिरात होती. शेवट कापला आणि पुढे ढकलला. आपल्याच लोकांनी ढकलला. मग व्हॉट्सॲपने फॉरवर्ड पाचांवर आणले.

होटगी रोड

याचा रशियाशी काय संबंध? विषय भरकटवायलाव तुम्ही.

मंगळवेढा

संबंध कळंना का तुम्हाला? परक्या देशाने नुसती काडी लावायची, वाळलेलं गवत इथं आहेच! लिथुआनियात मे २०२४ मध्ये दुकानाला आग लावणाऱ्या पोरांना जुनी बीएमडब्ल्यू आणि १० हजार युरो कबूल केले होते. आमच्याकडं फुकटात करतात.

पूर्व भाग

अण्णा, मीपण बोलते. आमच्या गल्लीत पाणी चार-पाच दिवसांआड येतं. कधी येणार ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून बायका कुणीही पाठवलेल्या मेसेजवर रात्री दोनला बादल्या लावून बसतात. मे २०२५ मध्ये ‘एटीएम तीन दिवस बंद’ असा मेसेज आला. केंद्र सरकारने तो खोटा आहे म्हणून लगेच सांगितलं, तरी आमच्या लूमवरची पोरं पगार काढायला रांगेत. खरं सांगणारा वेळेवर बोलत नसेल तर खोट्याचं फावतंच. पाण्याचं वेळापत्रक पाळा, मग केबलचं बोला.

विजापूर वेस

ताईंचं हे पटलं. फिनलंडमध्ये खोटी बातमी ओळखायला शाळेत शिकवतात. त्याला माझी ना नाही. निवडणूक रद्द करण्याला आहे आणि राहील.

बाळीवेस

रुमानियात मे २०२५ मध्ये पुन्हा मतदान झालं, लोकांनीच निवडलं. तरी पहिल्या वेळी पुरावे लोकांपुढे फार तोकडे ठेवले, एवढं मीही म्हणतो. नॉर्ड स्ट्रीमचंही होटगी रोडवाल्यांचं खरं. तिथं घाई झाली.

होटगी रोड

१९७१ वरून मी हलणार नाही. दोस्ती ती दोस्ती. पण दोस्ताने उडवलेला दगड आपल्या माणसाच्या कपाळात बसला, तर त्याला तसं सांगायला हवं, एवढं टॉवेलवाल्यांमुळे मान्य करतो. ती पोस्ट मी दोन ग्रुपवरून काढली. तिसऱ्या ग्रुपवरून निघेना, वेळ उलटून गेली. तिथं खाली लिहिलंय की यातलं शेवटचं वाक्य चुकीचं आहे.