शकांचा निर्वंश केला, मग शके कोणाचे मोजता?

गोदातीर:
सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने बाहेरून आलेल्या शकांचा समूळ उच्छेद केला आणि त्यांच्याकडून कणभरही घेतले नाही, असे सह्यकडा यांनी छातीठोकपणे लिहिले आहे. पराक्रमाबद्दल वाद नाही. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने मुलाला शक, यवन (ग्रीक) आणि पह्लवांचा (पार्थियनांचा) संहारक म्हटलेच आहे. परंतु १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला शक क्षत्रप, म्हणजे प्रांताधिपती, नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यांतील सुमारे दोन तृतीयांश गौतमीपुत्राने न वितळवता तशीच पुन्हा ठोकली होती, त्यामुळे त्याच्या चैत्यचिन्हाखालून (कमानींच्या टेकडीच्या शिक्क्याखालून) कित्येकदा नहपानाचे नाक डोकावते. पुढे त्याचा मुलगा पुळुमावी याने तर क्षत्रपांच्याच धर्तीवर नाण्यांवर स्वतःचा चेहरा आणला.

सह्यकडा:
शत्रूच्या तोंडावर शिक्का मारणे याला आमच्याकडे अनुकरण नव्हे, अपमान म्हणतात. चेहऱ्याचे म्हणाल, तर तो व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी असेल.

जुनी मोडी:
नाण्यांवर किती भांडाल? खरी गंमत भाषेची आहे. नहपानाचा जावई उषवदात स्वतःला शक म्हणवतो आणि नाशिकच्याच लेण्यात तीन लाख गायी दान दिल्याचे सांगतो, इ.स. १५० च्या सुमारास शक महाक्षत्रप रुद्रदामन गिरनारला प्रौढ संस्कृत गद्य कोरवतो, तर आमचे सातवाहन प्राकृतातच लिहितात. ‘मग बाटले कोण?’ असे शाळेत विचारल्याबद्दल मी तासभर वर्गाबाहेर उभा होतो, आणि प्राकृताला गावंढळ समजणाऱ्यांवरचा माझा राग तेव्हापासूनचा आहे.

सह्यकडा:
आपल्या शिक्षेचा सातवाहनांशी संबंध काय? शक संस्कृत शिकले, म्हणजे ते आपल्यात विरघळले. मी वेगळे काय म्हणतो?

गोदातीर:
विरघळणे एकतर्फी नव्हते. बलश्री मुलाने वर्णसंकर थांबवल्याचा अभिमान मिरवते, आणि कान्हेरीच्या लेखात तिच्याच कुळातील वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची, बहुधा रुद्रदामनाचीच, मुलगी निघते! आमच्या काकांनी बहिणीच्या लग्नपत्रिकेच्या कच्च्या प्रतीवर ‘इसवी सन’ लाल शाईने खोडले आणि परकीय कालगणना नको म्हणून ‘शके’ लिहिले. ती गणना मुळात शकांचीच, शालिवाहनाचे नाव तिला कित्येक शतकांनी चिकटले, हे मी त्यांना मांडवात सांगितले. जेवण होईपर्यंत ते बोलले नाहीत.

सह्यकडा:
ठीक आहे, सोयरीक झाली असेल. पण मुलगी त्यांनी दिली, आपण नाही, एवढे तरी नोंदवा.