अनुभव धागा: निधनवार्तेत न मावलेली गावची माणसं

गेल्या आषाढात आमच्या वाईतले प्रेसवाले अण्णा गेले. पेपरात चार ओळी आल्या. वृद्धापकाळाने निधन, पश्चात पत्नी, मुलगा, सून, दोन नातवंडे असा परिवार. खोटं त्यात काही नव्हतं, पण त्या ओळी कुणालाही चालल्या असत्या. अण्णांनी स्वतः चाळीसेक वर्षं अशाच ओळी दुसऱ्यांसाठी अक्षराचा एकेक खिळा उचलून जुळवल्या, आणि त्यांच्या हातून त्या कधीच कुणालाही चालतील अशा झाल्या नाहीत.

मधल्या आळीतून घाटाकडे उतरताना त्यांच्या ट्रेडलचा, म्हणजे छपाईयंत्राचा, आवाज यायचा. सातवी-आठवीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जायचो. छापून झालेला मजकूर सोडवायचा आणि खिळे ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे, एवढंच काम. वेलांटीचा खिळा चुकून उकाराच्या खणात पडला तर अण्णा ओरडत नसत, सगळा खण कागदावर ओतून पुन्हा निवडायला बसवत. उलटी अक्षरं वाचायला मी तिथं शिकलो. थंडीत कृष्णाबाईचे उत्सव लागले की एकेका घाटाची कार्यक्रमपत्रिका यायची, तेव्हा रात्री अकरापर्यंत दिवा चालू असायचा.

पण मला आठवतात ते दहाव्याची पत्रिका छापायला आलेल्यांशी बोलणारे अण्णा. आलेल्या माणसाला आधी बाकावर बसवायचे. पाणी द्यायचे. मग विचारायचे, "कसे होते हो?" माणूस गोंधळायचा, कारण तो तारीख, वार आणि नातेवाइकांची नावं पाठ करून आलेला असायचा. बाजारातल्या एका हमालाचा मुलगा असाच आला होता. बोलता बोलता म्हणाला की बाबा सोमवारी म्हाताऱ्या माणसांच्या पिशव्या एसटी स्टँडपर्यंत नेऊन द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत. अण्णांनी ती ओळ पत्रिकेत घातली. मजकूर वाढला, पैसे वाढवले नाहीत. ती पत्रिका आमच्या घरी देव्हाऱ्याच्या फळीमागे कित्येक वर्षं होती, आणि तो हमाल आमचा कुणी नव्हता.

ज्यांना पत्रिका परवडायची नाही त्यांना ते पोस्टकार्डाचा मजकूर लिहून द्यायचे. निधनाच्या पत्राची खूण म्हणून कोपरा फाडला जायचा, तो मात्र फाडायचे नाहीत. "तो घरच्यांनीच फाडायचा," म्हणायचे.

म्हणून हा धागा. तुमच्या गावातलं, तालुक्याच्या पेठेतलं, गेल्या एक-दोन वर्षांत गेलेलं माणूस इथं लिहा. नाव नको, पदं आणि पुरस्कारही नकोत. ते काय करायचे, कसं करायचे, आणि ते गेल्यावर कुणाचं काय अडलं, तेवढं सांगा.

*

कुडाळ तालुका

आमच्या वाडीवर टपाल आणणारे आबा मागच्या वर्षी गेले. गौरी-गणपतीचं विसर्जन होऊन दुसराच दिवस होता. चाकरमानी अजून निघाले नव्हते, त्यामुळे माणूस पुष्कळ जमलं. मुंबईत राहणाऱ्या साठीच्या माणसांना मी तेव्हा रडताना पाहिलं.

शाखा डाकघरातले आबा खात्याच्या लेखी पूर्ण नोकर नव्हतेच. वय झालं, काम सुटलं, पेन्शन नाही. पावसात व्हाळ भरला की साकवावरून पिशवी डोक्यावर धरून यायचे, भिजायचे ते खांद्यापासून खाली.

18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. बाबा परळला गिरणीत. महिन्याची मनिऑर्डर आबा आणायचे, आई अंगठा द्यायची आणि कुपनावरच्या दोन ओळी आबाच वाचून दाखवायचे. उन्हाळा लागेपर्यंत वाडीतल्या बहुतेक घरांची मनिऑर्डर थांबली. तेव्हा दुकानदार उधारी देण्याआधी आबांना विचारायचा, अमक्याचे पैसे येतील का? कारण कुणाच्या घरी किती येतात हे गावात दोघांनाच ठाऊक, पाठवणाऱ्याला आणि आबांना. मी तांदळाची पिशवी घेऊन उभा होतो आणि आबा म्हणाले, "मनिऑर्डर येवक नाय म्हणान माणूस खंय पळतलो? दी तेका तांदूळ."

आमच्यासारखी अकरा घरं त्यांच्या शब्दावर त्या दुकानात जेवली. संप विस्कटला, बाबांना गिरणीत परत घेतलं नाही. ते गावी आले, मिळेल ती मजुरी करू लागले. दुकानाची बाकी फेडायला गेले तेव्हा दुकानदाराने वही दाखवली. तीन घरांची नावं खोडून तिथं आबांचं नाव घातलेलं होतं. आमचं त्या तिनांत होतं. बाबांनी पुढच्या भाताला दोन मण भात आबांच्या घरी नेऊन टाकला. आबांनी एक मण ठेवला, एक परत पाठवला.

या गोष्टीबद्दल ते पुढची चाळीस वर्षं आमच्यापैकी कुणाशी चकार शब्द बोलले नाहीत.

*

लोहारा तालुका, धाराशिव

वरचं वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते.

आमच्या गावची सुईण, सगळ्यांची मावशी, या पौषात गेली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून दमलेली माणसं झोपेत असताना, आमच्या भागातली माळवदाची घरं बसली. दगड-मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, वर मातीचा थर. किल्लारी, सास्तूर ही नावं तेव्हा सगळ्या देशानं ऐकली. मावशीची सून आणि एक नातू त्यात गेले.

त्याच्या चौथ्या दिवशी माझ्या आत्याला कळा लागल्या. पाऊस चालू होता, वर ताडपत्री. आत्याचा नवरा गेलेला. ती नुसती रडत होती, जोर लावीना. मावशीच्या घरचं सुतक, तिला बोलवायचं कसं म्हणून सगळे गप्प. ती आपणच आली. बांगड्या उतरवून पदराला बांधल्या, दंडापर्यंत हात धुतले, पाणी उकळायला लावलं. आत्याच्या तोंडाशी वाकून म्हणाली, "रडणं मागून रड माय, आदी कळ दे." पोरगी झाली. मावशीने तिला पुसलं, आत्याच्या छातीवर ठेवलं, ताडपत्रीबाहेर गेली आणि तिथं बसून एकटीच मोठ्याने रडली. तोवर ती रडलेली कुणी पाहिली नव्हती.

पुढं पत्र्याच्या शेडांत आणि मग नव्या गावठाणात किती बाळंतपणं तिनं केली त्याचा हिशेब नाही. ज्या बायांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली होती आणि लेकरं ढिगाऱ्याखाली गेली, त्यांच्यातल्या काहींनी ती शस्त्रक्रिया उलटी करून घेतली. आमच्या गल्लीतल्या एकीबरोबर मावशी सोलापूरला जाऊन राहिली होती. त्या बाईला पुन्हा मूल झालं नाही. मावशी दर नागपंचमीला तिच्या घरी जायची, लेकीकडं जावं तशी.

दवाखान्याची गाडी यायला लागल्यावर मावशी आपणहून बाजूला झाली. "अडलं तर गाडी बोलवा, मला नगं," हे तीच सांगायची. तिच्या मातीला आत्याची ती पोरगी पुण्याहून आली होती. आता एकतिशी पार केलीय तिनं. नव्या गावठाणातल्या सरळ रस्त्यांवर तिरडी वळवायला कोपरेच कमी आहेत. जुन्या गावात तिची तिरडी प्रत्येक दारावरून गेली असती.

*

सेलू, परभणी

फार लिहिता येत नाही. आमच्या गल्लीतले काका उन्हाळ्यात ओट्यावर दोन रांजण भरून ठेवायचे. रोज सकाळी घासायचे, वाळ्याची पुरचुंडी टाकायचे. मागच्या चैत्रात गेले. या चैत्रात रांजण तसेच पालथे होते. आज सकाळी मी एक भरला.

*

अमळनेर, खान्देश

आमच्या पिठाच्या गिरणीवाल्या आजीचं नाव मला ती गेल्यावर कळलं. चाळीस वर्षं मी तिच्याकडे दळण नेलं. लहानपणी ती आमच्यासाठी गिरणीवाल्याची बायको होती, तो गेल्यावर गिरणीवाली झाली. चौकातल्या फ्लेक्सवर नाव वाचलं आणि दोन मिनिटं समजेना की हे कोण.

तिला आवाजावरून कळायचं की दगडाला टाकी द्यायची वेळ झाली. गव्हानंतर ज्वारी, ज्वारीनंतर बाजरी असा तिचा क्रम होता, आणि उडीद घातलेल्या कळण्याचं दळण सगळ्यांत शेवटी. उडदाचा अंश कुणाच्या गव्हात जाऊ नये म्हणून. उपासाची भगर दळायला एकादशीच्या आदल्या दिवशी गिरणी धुऊन-पुसून घ्यायची. डबा ठेवून निघालं की आतून हाक यायची, "कथा जाई रायनी व माय? बस जरासी." बसायला एक पोतं घडी करून ठेवलेलं असायचं.

माझी सासू माझ्याशी बोलत नव्हती ती दोन वर्षं मी त्या पोत्यावर बसून काढली. आजीने कधी सल्ला दिला नाही. पट्ट्याच्या आवाजात मी काय बोलते ते तिला ऐकू जायचं का, हेही मला सांगता येणार नाही. पण डबा परत देताना ती झाकण घट्ट बसवायची आणि माझ्या कपाळावरचं पीठ पदराने पुसायची.

गिरणी आता बंद आहे. मुलगा सुरतेला. आम्ही पिशवीतलं पीठ आणतो.

*

देसाईगंज, म्हणजे आमचं वडसा

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की होळीपर्यंत रोज रात्री कुठं ना कुठं नाटक असते. धान निघालेला असते, पाहुणे आलेले असतात, पहाटेपर्यंत माणूस हलत नाही. आमचे प्रॉम्प्टर भाऊजी या वर्षीच्या हंगामाआधी गेले. विंगेत बॅटरीच्या उजेडात वही धरून बसायचे. नट अडला तर पहिलं अक्षर द्यायचे, फक्त अक्षर. आख्खं वाक्य दिलं तर प्रेक्षकाला ऐकू जाते आणि नटाची लाज जाते, हे त्यांचं म्हणणं. मी नवीन असताना तिसऱ्या अंकात कोरा झालो. त्यांनी अक्षर दिलं, नाही उचललं. दुसऱ्यांदा दिलं. मग खोकले. प्रेक्षकांना वाटलं कुणी म्हातारा खोकला. तेवढ्या वेळात मला वाक्य सापडलं.

यंदाच्या पहिल्या प्रयोगाला त्यांची खुर्ची विंगेत ठेवली होती जी आम्ही. त्यांची वही नव्या पोराच्या हातात दिली. तिच्यात समासात कुठं कुठं फक्त "खोकणे" असं लिहिलेलं आहे.

*

म्हसवड, ता. माण. सध्या मस्कत

आमचे दादा, म्हणजे थोरले चुलते, फेब्रुवारीत गेले. मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. नेट तुटत होतं, अग्नी दिला तेव्हा पडदा थिजला होता.

दादांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाऊस लिहायला घेतला. त्या साली ते रोजगाराच्या कामावर खडी फोडत होते, सुकडी खाऊन. आमच्या म्हाताऱ्याला कुणीतरी सांगितलं होतं की असा दुष्काळ पूर्वी कधी पडलाच नाही. दादांना ते पटलं नाही, पण दाखवायला लिहिलेलं काही नव्हतं. तेव्हापासून वही. अंगणात पत्र्याचं नळकांडं आणि फूटपट्टी, पुढं मापाची काचेची नळी आली. रोज सकाळी सातला नोंद. वरती नक्षत्र, खाली मिलिमीटर. आणि पाऊस नसेल त्या दिवशी "निरंक".

आमच्याकडं निरंकच जास्त. पानंच्या पानं तेच. मी लहानपणी विचारलं होतं, कोरं का नाही सोडत? म्हणाले, कोरं सोडलं तर त्या दिवशी बघितलंच नाही असं होईल.

2019 च्या उन्हाळ्यात जनावरं चारा छावणीत होती आणि दादाही तिथंच मुक्कामाला. तरी सकाळी चुलत भावाला फोन करून विचारायचे, नळकांडं बघितलंस का? वैशाखात! पेरणीच्या आधी लोक वही बघायला यायचे. दादा अंदाज सांगत नसत. गेल्या वीस वर्षांत मृगाने किती वेळा दगा दिला ते मोजून दाखवायचे आणि निर्णय ज्याचा त्याच्यावर सोडायचे.

ते गेले त्या तारखेचं पान वहिनीने मला पाठवलं. दहनाहून आल्यावर, अंघोळीआधी तिने ते लिहिलं होतं. निरंक.

*

पुन्हा वाईहून

सगळं दोनदा वाचलं. अण्णांबद्दल एक सांगायचं राहिलं होतं, ते म्हसवडच्या पानामुळे आठवलं.

त्यांच्या स्वतःच्या दहाव्याची पत्रिका बाहेरून छापून आणावी लागली. ट्रेडल बंद होऊन वर्षं झाली होती. मुलाने मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला, तीनशे प्रती संध्याकाळी आल्या. गडबडीत प्रूफ कुणी पाहिलं नाही. "दशक्रिया विधी" मधल्या "विधी"ची शेवटची वेलांटी ऱ्हस्व पडली होती.

मी रात्री नऊला गेलो तेव्हा मुलगा, सून आणि धाकटी नात प्रेसमधल्या त्याच बाकाभोवती बसले होते. मधे काळ्या शाईची तीन पेनं. नात ऱ्हस्व वेलांटी पांढऱ्या शाईने झाकत होती, सून दीर्घ काढत होती, मुलगा शाई वाळेपर्यंत पत्रिका एकेक करून खणांवर मांडत होता. मीही बसलो. पहाटे दोन वाजता तीनशे झाल्या. वहिनींनी सगळ्या परत एकदा मोजून पाहिल्या आणि चार बाजूला काढल्या. त्यांच्यावरची वेलांटी राहून गेली होती.