थायरॉईड आणि ऑफिसातली झोप : तुमचे अनुभव सांगा

जेवणानंतरची डुलकी सगळ्यांनाच येते, तिच्यासाठी हा धागा नाही. थायरॉईड कमी असलेल्यांच्या डोळ्यांवर सकाळी अकरालाच जी येते, रात्रभर झोपूनही जी हटत नाही, तिच्याबद्दल बोलू या. मी अकाउंट्समध्ये आहे. निदान झालं तेव्हा टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) १८ होतं. लॅबच्या कागदावर वरची मर्यादा साधारण ४ ते ४.५ असते. मार्चएंडला व्हाउचर हातात आणि मान खाली, असं व्हायचं. साहेब म्हणायचे, "मॅडम, रात्री सिरियल किती वाजेपर्यंत बघता?" गोळी सुरू झाली तरी लगेच उजाडलं नाही. औषधाची रक्तातली पातळी स्थिरावायलाच काही आठवडे जातात, म्हणून पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. तेवढे दिवस नोकरी कशी निभावलीत ते लिहा. डोस मात्र एकमेकांना विचारू नका.

खडूफळा : शिकवताना उभी असते, तोवर ठीक. पेपर तपासायला बसले की संपलं. गोळी नियमित, टीएसएच अडीचवर आलं, तरी झोप तशीच. घरचे म्हणायला लागले, आता कशाचं निमित्त? डॉक्टरांनी बी-१२ आणि हिमोग्लोबिन करायला सांगितलं, दोन्ही कमी निघाले. आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. बी-१२ची इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या झाल्यावर दुपारच्या तासाला माणसात आले. टीएसएच नॉर्मल आलं म्हणजे झोपेचं खापर लगेच आळसावर फोडू नका, एवढंच सांगते.

बाळाची आई : वरच्या ताईंनी लोहाचं लिहिलं म्हणून आठवलं. बाळंतपणानंतर कामावर रुजू झाले तेव्हा लोह, कॅल्शियम आणि थायरॉईड तिन्ही चालू होतं. चिठ्ठीवर तिन्हींपुढे 'सकाळी' एवढंच. टीएसएच वाढतच गेलं. शेवटी आमच्या गल्लीतल्या केमिस्टने विचारलं, "एकत्र घेताय का?" लोह आणि कॅल्शियम थायरॉईडची गोळी नीट शोषू देत नाहीत, मध्ये चार तास हवेत. आता पहाटे बाळ उठलं की पाण्यासोबत थायरॉईडची, चहा त्यानंतर तासाभराने, लोह दुपारी, कॅल्शियम रात्री. मीटिंगमध्ये जांभया अजून येतात, पण त्या बाळाच्या खात्यावर.

स्टेअरिंग : कंपनीची बस चालवतो. थायरॉईड म्हणजे बायकांचा आजार असं आमच्यात समजतात, त्यामुळे चेष्टा भरपूर झाली. पण माझ्यामागे चाळीस माणसं बसलेली असतात. हायवेला मान लवली त्या दिवशी गाडी बाजूला घेतली आणि सुपरवायझरला स्पष्ट सांगितलं. त्यांनी औषध लागू पडेपर्यंत यार्डात काम दिलं. ओव्हरटाइम बुडाला, बुडू दे. गोळीने अंगाची सूज आणि थंडी वाजणं गेलं, झोप अर्धीच गेली. बायको म्हणाली, घोरता घोरता तुमचा श्वासच थांबतो. झोपेची तपासणी केली तर स्लीप ॲप्निया. थायरॉईड कमी असलं तर हाही त्रास होऊ शकतो, डॉक्टरांनी सांगितलं. घोरणाऱ्यांनी हे अंगावर काढू नये.

रात्रपाळी : नर्स आहे. 'गोळी सकाळी उपाशीपोटी' हे आमच्यासारख्यांना कसं जमणार? कधी सकाळी घरी येऊन पोहे खाऊन झोपायचं, कधी सकाळी ड्युटीवर जायचं. माझ्या डॉक्टरांनी वेळच बदलून दिली : शेवटच्या जेवणानंतर निदान तीन तासांनी, झोपायच्या आधी. त्यांना विचारून बदला, मनाने नको. दुसरं, केस गळतात म्हणून बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेणाऱ्यांनी लॅबला तसं सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटंच कमी दिसतं. रिपोर्ट चांगला आणि बाई पेंगतेय, असं वॉर्डात पाहिलंय. तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टर सांगतात.

नाव नको : झोप जावी म्हणून कुणी जास्तीची गोळी घेतली आहे का? आमच्या शिफ्टमधला एकजण घेतो म्हणे.

रात्रपाळी : त्याला थांबवा. हे कॉफीसारखं तरतरी आणायचं औषध नाही. डोस जास्त झाला की छातीत धडधड, हाताला कंप, आणि रात्रीची आहे ती झोपही जाते. वयस्कर माणसाच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तसंच कुणाचा काढा सुरू केला म्हणून गोळी परस्पर बंदही करू नये.

खडूफळा : माझ्यापुरता उपाय सांगते. पेपर तपासायचं काम सकाळच्या ऑफ तासाला हलवलं आणि उभ्याने करते, कपाटावर गठ्ठा ठेवून. मुख्याध्यापकांना कारण सांगितल्यावर त्यांनी वेळापत्रकही बदललं. त्यांच्या सौंनाही थायरॉईड आहे, हे तेव्हा कळलं.

धागाकर्ती : स्टेअरिंगभाऊंना माझाच एक प्रश्न, ते नाकावर मास्क लावायचं मशीन मिळालं असेल ना? ते लावून झोप येते का हो?

स्टेअरिंग : सुरुवातीला अजिबात नाही, सारखं काढून फेकायचो. आता लागते. पण खरा फायदा बायकोचा, ती म्हणते लग्नानंतर पहिल्यांदाच सलग झोपतेय.