मदत हवी आहे: जस्टिनियन दुसरा आणि अब्द अल-मलिक, आधी नाणं कोणाचं?

आमच्या इतिहास अभ्यासगटात पुढच्या रविवारी उमय्यद खलिफा अब्द अल-मलिकच्या नाण्यांवर बोलायचं आहे. एका जागी अडकलो आहे.

त्याचे सुरुवातीचे दिनार (सोन्याची नाणी) बायझँटाइन साम्राज्याच्या सॉलिडस या सोन्याच्या नाण्याची नक्कल होते. दर्शनी बाजूला तेच तीन उभे सम्राट, मागे त्याच पायऱ्या, पण क्रूसाची आडवी दांडी काढलेली. नुसता खांब उरतो आणि भोवती कलमा. पुढे उभ्या खलिफाचं चित्र आलं आणि हिजरी ७७ मध्ये (इ.स. ६९६-९७) चित्र पूर्ण जाऊन फक्त मजकूर राहिला. तिकडे बायझँटाइन सम्राट जस्टिनियन दुसरा याने पहिल्या कारकिर्दीतच (६८५-६९५) सॉलिडसवर येशूचा चेहरा आणला आणि स्वतःला ‘ख्रिस्ताचा दास’ म्हणवलं.

अरबी इतिहासकार बलाझुरी दोघांमधला वाद पपायरसवरच्या (इजिप्तमधल्या लव्हाळ्याच्या कागदावरच्या) मजकुरापासून सुरू करतो. बायझँटाइन बखरकार थिओफनीस म्हणतो, सम्राटाने नवी अरब नाणी नाकारली आणि अरबांशी असलेला तह मोडला. दोन्ही इंग्रजी अनुवादात वाचले, पण दोघंही घटनेनंतर शतकाहून जास्त काळाने लिहिणारे, म्हणून निव्वळ त्यांच्यावर विसंबायचं नाही. संग्रहालयांच्या ऑनलाइन नोंदीही पाहिल्या. येशूच्या नाण्यावर वर्ष नसतं, त्यामुळे गाडी तिथेच थांबते.

अरबी, ग्रीक येत नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी चालेल. ‘दोघांनी एकमेकांना उत्तर दिलं’ एवढं मोघम मला सांगायचं नाही.

येशूचं सॉलिडस खांबवाल्या दिनाराच्या आधीचं की नंतरचं, हे साचे, वजन किंवा सापडलेल्या नाणेनिधींवरून कोणी ठरवलं आहे का?