६०:४० चं ७२:२८ झालं, आता इक्विटी विकू का?

प्रश्न: आज एकूण १० लाख, त्यात इक्विटी (शेअरमधले) फंड ७.२ लाख, बाकी डेट (व्याज देणारी गुंतवणूक). ठरवलं होतं इक्विटी ६० टक्के, डेट ४०. काय करावं?

उत्तर १: ईपीएफ, पीपीएफ धरलेत का? तेही डेटच. मात्र त्याला अडीअडचणीचा पैसा समजू नका, पीपीएफची मुदत १५ वर्षं असते.

उत्तर २: ते धरूनच ७२ असेल तर १.२ लाख हलवायचे आहेत. आधी चालू एसआयपी (दरमहाची गुंतवणूक) डेटकडे वळवा. विकायचंच तर वर्षाहून जुनी युनिट्स विका. अशा युनिट्सच्या आर्थिक वर्षात १.२५ लाखांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही, पुढे १२.५ टक्के. आणि कर नफ्यावर लागतो, विक्रीच्या पूर्ण रकमेवर नाही. इथेच लोक उगाच घाबरतात.

उत्तर ३: पण चालढकल नको हो! २०२० मध्ये जानेवारी ते मार्च निफ्टी (शेअर बाजाराचा निर्देशांक) सुमारे ३८ टक्के पडला. ७.२ लाखांवर तो फटका पावणेतीन लाखांचा, ६ लाखांवर सव्वादोनच्या आसपास.